नाव घेणं

पुण्यात मला पहिली नोकरी लागली तेव्हा, मुलगा काय करतो असं वाईच्या घरी कुणी विचारलं की आई सांगायची, "तो कर्नलमध्ये असतो." ऐकणाऱ्याची मान आदराने किंचित लवायची. शेजारच्या काकांनी तर एकदा मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारलं होतं, "कुठली रेजिमेंट?" मी त्यांना समजावून सांगितलं, की हा कर्नल म्हणजे मिश्या आणि पदकं असलेला गृहस्थ नव्हे, संगणकाच्या अगदी आत बसलेला तो एक प्रोग्राम असतो, बाकीचे प्रोग्राम त्याच्या परवानगीने चालतात, मेमरी कुणाला किती द्यायची आणि प्रोसेसरवर कुणी किती वेळ बसायचं हे तो ठरवतो, आणि कुणी वेडंवाकडं वागलं तर जागच्या जागी संपवतो. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे कर्नलच की!" त्यानंतर मी समजावणं सोडून दिलं.

तसा हा शब्द फौजेतला नाहीच. हा कर्नल म्हणजे गर, कठीण कवचाच्या आतला. आमच्या शाळेच्या मैदानाच्या कडेला देशी बदामाचं एक झाड होतं. थंडी सरत आली की त्याची पानं पान खाल्लेल्या ओठांसारखी लाल व्हायची आणि खाली फळांचा सडा पडायचा. वरचा तुरट-गोड भाग चोखून झाला की आतली बी पायरीवर ठेवून दगडाने फोडायची. या उद्योगात दहांतून सात वेळा गर चेचला जायचा, दोनदा बोट, आणि उरलेल्या एका वेळी हातात यायचा करंगळीच्या नखाएवढा पांढरा तुकडा. त्याने दाढही भरायची नाही, पण त्याच्यासाठी आख्खी मधली सुट्टी खर्ची पडायची. मी ज्यात काम करायचो त्या लिनक्स या संगणकप्रणालीचा गर मात्र या हिशेबात बसत नाही. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने तो हौसेखातर लिहायला घेतला, आणि डिसेंबर २००३ मध्ये त्याची २.६ ही आवृत्ती आली तेव्हा त्यात सुमारे ५९ लाख ओळी होत्या. बी फोडावी आणि आतून आख्खं झाड निघावं, तसं.

एवढं सगळं सदासर्वकाळ मेमरीत भरून ठेवणं परवडत नाही. साध्या प्रोग्रामला जागा कमी पडली तर त्याचा काही भाग तात्पुरता डिस्कवर सरकवता येतो. कर्नलला असं हलवता येत नाही, तो बसला की बसला. म्हणून मॉड्यूलची युक्ती निघाली. जे रोज लागत नाही ते वेगळं बांधून ठेवायचं, लागेल तेव्हा चालत्या कर्नलला जोडायचं, काम झालं की सोडवून ठेवायचं. आमच्या घरी हे तत्त्व पुरणयंत्राच्या रूपाने आधीपासून पाळलं जात होतं. ते माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं असायचं. होळीला खाली यायचं, घासूनपुसून ओट्यावर असं विराजमान व्हायचं की जणू वर्षभर तिथेच होतं, आणि दुसऱ्या दिवशी परत माळ्यावर. फरक इतकाच, की पुरणयंत्र बिघडलं तर पोळ्या बिघडतात. मॉड्यूल एकदा आत आलं की पाहुणा राहत नाही. पडवीत बसवून पाणी विचारावं अशी सोय कर्नलमध्ये नाही. ते थेट माजघरात येतं, कर्नलला जे करता येतं ते सगळं त्याला करता येतं, आणि ते कोसळलं तर घर घेऊन कोसळतं.

माझ्या वाट्याला आलेलं पुरणयंत्र मोजमापाचं होतं. प्रोसेसरच्या पोटात मोजणीचे काउंटर असतात. किती ठोके झाले, किती वेळा जवळचं सोडून लांबच्या मेमरीकडे धाव घ्यावी लागली, किती वेळा पुढचा अंदाज चुकला, हे सगळं ते गुपचूप मोजत असतात. लिनक्सवर त्या काळी यासाठी ऑप्रोफाइल नावाची व्यवस्था होती. तिला सांगायचं, की दर एक लाख ठोक्यांनी हटकायचं. काउंटर भरला की प्रोसेसरला हाक जाते, आणि त्या क्षणी तो कुठल्या प्रोग्रामच्या कुठल्या जागी होता याची नोंद होते. सगळा वेळ पाळत ठेवायची नाही, मधूनच विचारायचं. असे हजारो 'मधूनच' गोळा झाले की वेळ कुठे जातो ते आपोआप दिसायला लागतं.

हे तंत्र मला कुणी शिकवावं लागलं नाही. माझी आजी दुपारी ओसरीवर पदराची घडी डोळ्यांवर घेऊन पडलेली असायची. तिला झोप लागली अशी खात्री करून आपण फडताळातल्या लाडवांच्या डब्यापर्यंत पोचावं, डब्याच्या झाकणाला हात घालावा, तोच ओसरीवरून, कूस न बदलता, "काय करतोयस रे?" दिवसातून दहाबारा हाका, त्याही आपल्याला कधीच अंदाज येणार नाही अशा. संध्याकाळी मात्र ती आईला बिनचूक सांगायची, "अर्धा तास अभ्यास झाला असेल. बाकी सगळं कैऱ्या आणि भिंत." आणि त्या हाकेला 'आलो, थांब जरा' म्हणण्याची सोय नव्हती. कर्नलसुद्धा नाजूक काम करताना कानांवर हात ठेवतो, बाहेरच्या हाका तेवढ्यापुरत्या बंद करतो. पण एक हाक अशी ठेवलेली असते की ती त्याला बंद करता येत नाही. नॉन-मास्केबल इंटरप्ट म्हणतात तिला. ऑप्रोफाइल जमेल तिथे हीच हाक वापरायचं, म्हणूनच कानांवर हात ठेवलेल्या कर्नलचीही त्याला नोंद घेता यायची. कुणीतरी आजीला नीट पाहून ती बेतलेली असणार असा माझा संशय आहे.

पण या मोजणाऱ्याची एक पंचाईत असते. त्याला घरातली एक वस्तू इकडची तिकडे करायची नसते. नुसतं पाहायचं आणि लिहून ठेवायचं असतं. तरीही त्यालाच सगळ्यांत आतल्या खोल्यांची माहिती लागते. कोण जन्मलं, कोण कुठल्या पत्त्यावर राहायला गेलं, कोण आत्ता संपलं. या खोल्यांत जायला त्याला भिंत आडवी येत नाही, कारण तो आधीच माजघरात उभा असतो. अडतं ते एवढ्यावरच, की त्याला नावं माहीत नसतात.

कर्नलमधल्या प्रत्येक फंक्शनला नाव असतं, पण प्रत्येक नाव सगळ्यांसाठी नसतं. काही नावं त्या त्या फाइलपुरती. बाळू, बंडू, छकुली यांच्यासारखी. दर घरात एक बाळू असतो आणि तरी गल्लीत गोंधळ होत नाही, कारण ती हाक उंबऱ्याबाहेर जात नाही. काही नावं आख्ख्या वाड्यात चालतात, सगळ्या बिऱ्हाडांना ठाऊक असतात. तिथे मात्र दोघांचं नाव एकच असून चालत नाही. आणि त्या नावांतली मोजकीच बाहेरून येणाऱ्या मॉड्यूलच्या कानावर घातली जातात. ते घालण्याची रीत फार साधी आहे. फंक्शन लिहून झालं, शेवटचा महिरपी कंस मिटला, की त्याच्या बरोब्बर खालच्या ओळीत लिहायचं, 'एक्सपोर्ट सिम्बॉल', आणि कंसात ते नाव. बस. एक ओळ. तिने फंक्शन वेगाने चालत नाही, हळू चालत नाही. फक्त त्याचं नाव घेतलं जातं.

एक्सपोर्टला मराठीत निर्यात म्हणतात, आणि निर्यात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लासलगावचा कांदा येतो, हापूसच्या पेट्या येतात, बंदरात खोळंबलेले कंटेनर येतात. इथली निर्यात माजघरातून माजघरातच होते. जहाज नाही, जकात नाही. निर्यातबंदीवरून होणारी भांडणं मात्र कांद्याइतकीच कडवट. म्हणून मला निर्यातीपेक्षा 'नाव घेणं' जवळचं वाटतं. आजी आजोबांचं नाव घेत नसे. 'अहो', 'ह्यांनी', 'इकडून' एवढ्यावर तिचा पन्नास वर्षांचा संसार झाला. रेशनच्या दुकानात कार्ड कुणाच्या नावावर म्हणून विचारलं की ती मला पुढे ढकलायची. नाव काही गुपित नव्हतं; दारावरच्या पाटीवर होतं, पोस्टमनला माहीत होतं. पण हळदीकुंकवाला बायका मागे लागायच्या, "नाव घ्या, नाव घ्या," आणि मग पदर सावरून, दोन ओळींचा उखाणा जुळवून ती चारचौघींत ते नाव ठणठणीत उच्चारायची. तेवढ्यापुरतीच मुभा. चालू कर्नलमध्येही के-ऑल-सिम्स म्हणून एक यादी असते, तिच्यात सगळ्यांची नावं ओळीने लिहिलेली दिसतात. वाचायची असतात. हाक मारायची नसते.

२००४ च्या पावसाळ्यात मी एक मॉड्यूल जुन्या २.४ कर्नलवरून २.६ वर चढवत होतो. ते सिस्टिम कॉलच्या तक्त्याला हात घालायचं. कुठलाही प्रोग्राम कर्नलकडे काही मागायला आला की त्याने कुठल्या खिडकीवर जायचं, याचा तो तक्ता. माझं मॉड्यूल त्यातल्या चारपाच खिडक्यांवरच्या पाट्या काढून आपल्या पाट्या लावायचं, आलेल्याची चौकशी करून घ्यायचं आणि मग त्याला मूळ खिडकीकडे धाडायचं. याला साध्या मराठीत आगाऊपणा म्हणतात, पण २.४ वर तो वर्षभर खपला होता. मी मॉड्यूल जोडण्याची आज्ञा, इन्समॉड, लिहून एंटर दाबलं. एका ओळीत उत्तर आलं, 'अननोन सिम्बॉल इन मॉड्यूल'. कर्नलच्या रोजनाम्यात, म्हणजे डीमेसेजमध्ये, थोडा खुलासा होता. अनोळखी नाव, सिस कॉल टेबल. मी त्या ओळीकडे पाहतच राहिलो. ज्या तक्त्यावाचून याला साधी फाइल उघडता येत नाही, तो याच्या ओळखीचा नाही म्हणे! बाहेर ऑफिसच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि समोर कर्नल, एखाद्या मुरलेल्या कारकुनासारखा, आपण ते गाव कधी ऐकलंच नाही असा चेहरा करून बसला होता.

आणि मला एकदम आठवलं, की हे उत्तर मीही एकदा दिलं होतं.

मी सात-आठ वर्षांचा असेन. मे महिन्यातली दुपार. दारात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्यावर काळी टोपी, हातातल्या कापडी पिशवीतून फणसाचा वास येत होता. त्यांनी एक दोन अक्षरी नाव घेतलं आणि विचारलं, "आहे का घरात?" मी उंबऱ्यावर उभा राहून ठामपणे सांगितलं, "इथे त्या नावाचं कुणी राहत नाही." गृहस्थ गोंधळले. त्यांनी खिशातलं पोस्टकार्ड काढून पत्ता वाचला, दारावरची पाटी वाचली, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तेवढ्यात आत भांड्यांचा आवाज थांबला, आणि जिला मी जन्मात कधी पळताना पाहिलं नव्हतं ती माझी आजी ओले हात तसेच समोर धरून, डोक्यावरून घसरलेला पदर न सावरता, माजघरातून धावत बाहेर आली. ते तिचे कोकणातले थोरले भाऊ होते. लग्नात आजोबांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं, आणि ती लक्ष्मी झाली. रेशनकार्डावर लक्ष्मी, विहिणींत लक्ष्मीबाई, गल्लीत वहिनी, आम्हाला आजी. जुनं नाव माहेरच्या फाइलीत राहिलं. त्या दुपारी ती भावासमोर जमिनीवर बसून, आठळ्या निवडता निवडता, आम्ही कुणी कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात बोलत होती. मामाआजोबा तिला "गप गं, वेडे" म्हणाले, तेव्हा मला मोठा धक्का बसला. आजीला कुणी वेडी म्हणू शकतं, आणि ती त्यावर हसू शकते, ही माहिती माझ्याकडे तोवर नव्हती.

मॉड्यूलचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझा मोठेपणा नाही. मी कर्नलचा सोर्स उघडला, ती एक ओळ स्वतःच्या हाताने घातली, तास-सव्वा तास कर्नल पुन्हा बांधला, मशीन सुरू केलं आणि मॉड्यूल निमूटपणे आत गेलं. सकाळी मी विजयी मुद्रेने ते आमच्या वरिष्ठांना दाखवलं. ते चहाचा कप खाली न ठेवता म्हणाले, "छान. तुझ्या मशीनवर कायम चालेल. लोकांच्या घरी लोकांचे कर्नल असतात." मग त्यांनी मला इतिहास सांगितला. तक्त्यावर हात टाकण्याचा आगाऊपणा मी एकट्याने केला नव्हता; खुद्द ऑप्रोफाइलने तोच केला होता. जॉन लेव्हन याने २००१ साली, एम.एस्सी.च्या प्रकल्पानंतर, ते २.४ साठी लिहिलं तेव्हा कर्नलने त्याच्यासाठी कुठलंही नाव घेतलेलं नव्हतं, मग त्यानेही खिडक्यांवरच्या पाट्याच बदलल्या. २००२ मध्ये त्या तक्त्याचं नाव घेणं बंद झालं. चालत्या तक्त्यात हात घालणं धोक्याचं होतं, ते खरंच होतं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑप्रोफाइल कर्नलमध्ये रीतसर दाखल झालं, आणि त्याच्या गरजेपुरती वेगळी, सभ्य नावं घेतली गेली.

आता, नाव घ्या म्हणून कर्नल लिहिणाऱ्यांकडे मागणी करणं ही एक स्वतंत्र विनोदी एकांकिका आहे. आपण म्हणायचं, या फंक्शनचं नाव एक्सपोर्ट करा. ते विचारतात, कोण वापरणार? आपण म्हणायचं, माझं मॉड्यूल. ते विचारतात, ते कर्नलच्या झाडात आहे का? आपण म्हणायचं, अजून नाही, नावच मिळालं नाही तर ते चालणार कसं? ते म्हणतात, घरातलं कुणी वापरणार नसेल तर आम्ही नाव घेत नाही. दार ठोठावणारा आधीच आत असेल तर दार उघडू, असा हा नियम. मला त्याचा पुष्कळ वर्षं राग होता. आता वाटतं, बरोबर आहे त्यांचं. घेतलेलं प्रत्येक नाव कुणाचातरी आधार होऊन बसतं, आणि मग ते फंक्शन बदलायचं म्हटलं की दहा दिशांनी रडारड.

त्यातही सोवळं-ओवळं आहे. २००१ मध्ये एक्सपोर्टचा दुसरा प्रकार आला, जीपीएलवाला, म्हणजे कर्नलच्या स्वतःच्या परवान्याचा. ही नावं त्याच मॉड्यूलना कळतात जे जाहीर करतात की आमचाही सोर्स याच परवान्याखाली खुला आहे. ज्याने आपलं पोट उघडून दाखवलं नाही त्याला घरात घेतात, पण देवघरातली नावं सांगत नाहीत. शिवाय असं मॉड्यूल आत आलं की कर्नल स्वतःवर शिक्का मारून घेतो, 'टेन्टेड'. बाटला. मग मॉड्यूल काढून टाकलं तरी हा विटाळ जात नाही. मशीन बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं, म्हणजे डोक्यावरून अंघोळ. माझी आजी कर्नल लिहायला बसली असती तर तिने याहून वेगळं काही केलं असतं असं वाटत नाही. २००६ च्या सुमारास तर आणखी दोन जाती निघाल्या होत्या. एक म्हणजे 'नाव आहे, पण कुणी वापरत नाही, तेव्हा तुम्हीही वापरू नका', आणि दुसरी 'आज सगळ्यांना, पुढे फक्त सोवळ्यातल्यांना'. घराघरांत असले नियम असतात; फक्त कुणी ते असे लिहून ठेवत नाही.

आणि या सगळ्या कडेकोट बंदोबस्तात एक म्हातारा ओसरीवर बसलेला होता. के-ऑल-सिम्स लुकअप नेम असं त्याचं लांबलचक नाव, आणि ते एक्सपोर्ट केलेलं. त्याला कुठलंही नाव विचारा, घेतलेलं, न घेतलेलं, घरातलं, लाडाचं. तो पत्ता सांगायचा. म्हणजे खोल्यांना कुलपं, आणि किल्ल्या कुठे आहेत ते ओसरीवर विचारा. किती मॉड्यूलनी त्या आजोबांच्या पाया पडून आपली कामं करून घेतली असतील! २०२० मध्ये, ५.७ या आवृत्तीत, त्याचंही नाव घेणं बंद झालं. तो अजून तिथेच बसलेला आहे. फक्त बाहेरच्यांशी बोलत नाही.

ऑप्रोफाइलसाठी जी सभ्य नावं घेतली गेली त्यांत मला सगळ्यांत आवडणारी जोडी मृत्यूशी संबंधित आहे. एकाचं नाव प्रोफाइल इव्हेंट रजिस्टर. मॉड्यूलने तिथे आपलं नाव नोंदवलं, की एखादा प्रोग्राम संपायला आल्यावर कर्नल मॉड्यूलला निरोप धाडायचा. दुसरं टास्क हॅन्डऑफ रजिस्टर. हे आणखी हळवं आहे. प्रोग्राम संपला की कर्नल त्याची मेमरीतली खूण पुसून जागा मोकळी करतो. पण मोजणाऱ्याच्या वहीत त्याच्या काही नोंदी अजून उतरवायच्या राहिलेल्या असतात. खूण पुसली तर त्या नोंदी कुणाच्या ते सांगता येणार नाही. म्हणून पुसण्याआधी कर्नल विचारायचा, कुणी थांबलंय का याच्यासाठी? ऑप्रोफाइल म्हणायचं, मी आहे, माझ्याकडे द्या. त्याच्याकडे दोन याद्या असायच्या, एक मरणपंथाला लागलेल्यांची, दुसरी गेलेल्यांची. सगळ्या वह्या पूर्ण उतरवून झाल्या की पहिल्या यादीतली नावं दुसरीत जात, आणि आणखी एक फेरी झाली की मग त्यांना सोडून दिलं जाई. हा कोड मी पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. प्रोसेसरचे ठोके मोजणाऱ्या, कोरड्यातल्या कोरड्या यंत्रणेत कुणीतरी बसून, हिशेब मिटल्याशिवाय याला नेऊ नका, असं लिहून ठेवलं होतं. मी माझं मॉड्यूल याच नावांवर उभं केलं. ते चाललं, लोकांच्या कर्नलवरसुद्धा.

सप्टेंबर २००९ मध्ये २.६.३१ आलं आणि त्याच्याबरोबर मोजमापाची नवी व्यवस्था आली, जिला पुढे सगळे परफ म्हणू लागले. ती मॉड्यूल नव्हती. तिचा गाभा कर्नलमध्येच बांधलेला, घरातली सूनच. माळ्यावरून काढा, लावा, नाव मागा, ही भानगडच संपली. पण २०१६ मध्ये तिच्यातलेही काही अवयव, प्रोसेसरच्या गाभ्याबाहेरची मोजणी, विजेच्या खर्चाची मोजणी, सुटे करून मॉड्यूल म्हणून बांधायची सोय झाली, आणि मॉड्यूल आलं तिथे नाव घेणंही आलंच. पुरणयंत्र कितीही बदला, माळा सुटत नाही.

परफ आली त्याच २००९ च्या हिवाळ्यात आजी गेली. धाकटे काका नागपूरहून निघाले होते, तोवर थांबायचं ठरलं. रात्रभर समईत तेल घालत आम्ही बसून होतो. दर थोड्या वेळाने कुणीतरी दाराकडे बघायचं आणि विचारायचं, अजून कुणी यायचंय का? दहाव्या दिवशी कृष्णेच्या घाटावर गुरुजींनी नाव विचारलं आणि वडिलांनी सांगितलं, लक्ष्मी. मंत्रांत तेच आलं. मामाआजोबा आधीच गेले होते, कोकणातलं ते घर विकलं गेलं होतं. परत येताना मी वडिलांना विचारलं, आजीचं माहेरचं नाव आठवतं का? ते बराच वेळ घाटाच्या पायऱ्या चढत राहिले, मग म्हणाले, "आम्ही आईच म्हणायचो रे."

एप्रिल २०२१ मध्ये ५.१२ ही आवृत्ती आली. त्यात ऑप्रोफाइलचा कर्नलमधला सगळा कोड काढून टाकला. बारा वर्षं परफ असताना ते कुणाला हवं होतं? 'आहे पण वापरू नका'वाली ती मजेदार जातही त्याच आवृत्तीत गेली. मृत्यूचे निरोप देणाऱ्या ओळी पुढे काढल्या गेल्या. हाक मारणारं घरात कुणी उरलं नव्हतं, आणि नियम सगळ्यांना सारखा असतो. माझं मॉड्यूल आता कुठल्याही नव्या कर्नलवर चढणार नाही. चढवायला गेलं तर काय उत्तर येईल ते मला माहीत आहे.

त्या दुपारी उंबऱ्यावर मी चुकीचं उत्तर दिलं होतं. त्या नावाचं माणूस तिथे राहत होतं. वेणू. माझ्या आजीचं माहेरचं नाव वेणू होतं.